बसल्या जागी धावपळ

सकाळी साहेबांची मेल आली. 'रन इट बाय मी, देन रन विथ इट. वुई आर रनिंग आउट ऑफ टाइम.' तीनदा रन, आणि पळायचं कुणीच नाही! आधी मसुदा साहेबांना दाखवायचा, त्यांनी मान डोलावली की कामाला लागायचं, आणि लवकर, कारण वेळ संपत आलेली. शाळेत 'रन म्हणजे धावणे' एवढंच घोकलेला मी टेबलाखाली पायाने बूट चाचपत होतो.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात म्हणे या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत. १९८९च्या आवृत्तीत 'सेट' सगळ्यात पुढे होता, पण नंतर रनने त्याला गाठलं. सेट बिचारा जागचा हलत नाही, हरणारच. एका कोशकाराचे नऊ महिने या एका शब्दात गेले. नऊ महिने कळा सोसायच्या आणि ६४५ बाळंतपणं!

आपल्याकडे कसं, दुकान चालतं, नाक गळतं, कपड्याचा रंग जातो, निवडणूक लढवतात. तिकडे ही सगळी ओझी एकटा रन वाहतो. (आपल्या 'लागणे'चा विषय इथे कुणी काढू नये. तहान, ठेच, डोळा, नोकरी आणि आग, सगळ्यांना तेच एक क्रियापद लागतं, हे मला ठाऊक आहे.)

तेही चाललं असतं. पण या रनला मागे शेपट्या फुटतात, आणि माझा घात शेपटीने केला. 'रन थ्रू' म्हणजे वरवर नजर टाकणं, तसंच एखाद्याच्या पोटातून तलवार आरपार काढणं. आता 'प्लीज रन थ्रू द मॅनेजर' असं कुणी लिहिलं तर मी काय समजायचं?

त्या दिवशी मीटिंग लांबली. लांबली म्हणजे 'रन ओव्हर', हे मी नुकतंच शिकलो होतो. साहेबांना पुढच्या भेटीला उशीर होणार, म्हणून मी मोठ्या तत्परतेने गिऱ्हाइकाला कळवलं, 'सॉरी, अवर मॅनेजर वॉज रन ओव्हर.'

दोन मिनिटांत उलट उत्तर : 'कुठल्या हॉस्पिटलात?'

साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. हातात मोबाइल, त्यावर सांत्वनाचे चार मेसेज. "मी जिवंत आहे," एवढंच म्हणाले आणि उभेच राहिले.

कोशातला पहिला अर्थ मला तेव्हा लख्ख आठवला. पण दाराच्या वाटेतच साहेब उभे होते.