मिठाचं काय?

प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेतीला द्यावं, असं सुचवणारा लेख वाचला. त्यात इस्रायलचा दाखला दिलाय. दाखला योग्यच आहे, तिथे ८० टक्क्यांहून अधिक सांडपाणी पुन्हा वापरात येतं. तेल अवीव परिसरातलं पाणी शफदान प्रकल्पात शुद्ध करून वाळूत मुरवतात आणि मग उपसून दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटातल्या शेतांना पुरवतात. पण लेखात क्षारांचा साधा उल्लेखही नाही! नेहमीच्या प्रक्रियेत सेंद्रिय घाण आणि बरेचसे जंतू जातात, विरघळलेलं मीठ मात्र राहतं. साबण-डिटर्जंटमधला सोडियम वर्षानुवर्षं शेतात साचला की चिकणमातीची घडण बिघडते, पाणी मुरेनासं होतं. रिव्हर्स ऑस्मोसिसने (पाणी दाबाने अतिबारीक पडद्यातून गाळून) तो काढता येतो, पण वीज भरपूर लागते आणि उरलेलं खारट पाणी टाकायचं कुठे हा प्रश्न वेगळाच.

राहिला लोकांना अशा पाण्याची किळस वाटण्याचा मुद्दा. नामिबियातल्या विंडहोकमध्ये १९६८ पासून असं शुद्ध केलेलं पाणी पिण्यासाठी वापरतात. सिंगापूर आपलं असं शुद्ध केलेलं पाणी बरंचसं चिप कारखान्यांना आणि इतर उद्योगांना देतं. उद्योगांना आधी जोडलं तर तेवढं गोडं पाणी लगेच मोकळं होतं, लोकांचं मन वळवत बसावं लागत नाही. मला तरी हाच क्रम पटतो.