ड्रॅगन्स डॉग्मा २ : शिव्या घाला, पण बरोबर जागी

मार्च २०२४ मध्ये कॅपकॉम कंपनीचा ड्रॅगन्स डॉग्मा २ हा गेम आला आणि पहिल्याच दिवशी स्टीम या गेमच्या ऑनलाईन दुकानात त्याची यथेच्छ धुलाई झाली. अजूनही संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या पोरांच्या ग्रुपवर कुणी 'घेऊ का?' विचारलं की तेच ऐकायला मिळतं: कॅपकॉम लुटते, फास्ट ट्रॅव्हल (एका जागेहून दुसऱ्या जागी झटक्यात जाणं) नाही, फ्रेम पडतात म्हणजे चित्र अडखळतं. शेवटचं खरं आहे. बाकीचं बोलणाऱ्यांनी गेम नीट खेळलेलाच नाही.

आधी पैशाचं. डीएलसीच्या, म्हणजे वेगळे पैसे मोजून घ्यायच्या वस्तूंच्या यादीत वेकस्टोन (मेलेल्याला उठवणारा दगड), रिफ्ट क्रिस्टल (गेममधलं एक चलन), तुरुंगाची चावी असलं बरंच काही आहे, आणि त्यातलं बहुतेक गेममध्येच मिळतं. चेहरा बदलायचं 'आर्ट ऑफ मेटामॉर्फोसिस' व्हर्नवर्थ या मुख्य शहरातल्या पॉन गिल्डमध्ये (पॉन म्हणजे सोबत फिरणारे साथीदार) ५०० रिफ्ट क्रिस्टलला मिळतं. फास्ट ट्रॅव्हलला लागणारा फेरीस्टोन तर खऱ्या पैशानं विकायला ठेवलेलाच नाही. विकतात तो पोर्टक्रिस्टल, म्हणजे जिथं पोहोचायचं ती जागा ठरवणारा दगड, आणि तोही एकच. आला तेव्हा ७० डॉलरला असलेल्या गेमला ही यादी चिकटवणं हावरटपणाच आहे. पण तिला हात न लावता गेम आरामात संपतो.

आता चालण्याचं. हा गेम म्हणजेच प्रवास. मार खाल्ला की लाईफच्या पट्टीचा काही भाग करडा पडतो आणि तो साध्या औषधानंही भरत नाही, मंत्रानंही नाही. सराईत (म्हणजे गावातल्या मुक्कामाच्या धर्मशाळेत) किंवा कॅम्पवर झोपलं की परत येतो. त्यामुळं पाच-सहा लढायांनंतर प्रश्न पडतो: पुढं जायचं की मागं फिरायचं? दर गावाला टेलिपोर्ट दिला असता तर हा प्रश्नच उरला नसता. म्हणून निघताना एक कॅम्पिंग किट घ्या, हलकं मिळेल तितकं बरं, कारण ओझं वाढलं की स्टॅमिना लवकर संपतो. जड सामान पॉनच्या पाठीवर टाका. कॅम्प लावायच्या आधी आजूबाजूचे गॉब्लिन संपवा, नाहीतर मध्यरात्री हल्ला होतो आणि किटही मोडतं. मांस भाजायला विसरू नका, त्याचा फायदा दुसऱ्या दिवशी मिळतो. बैलगाडी स्वस्त आहे, डुलकी काढून वेळही वाचतो. पण वाटेत ग्रिफिन हा उडता राक्षस उतरला तर गाडीचा चुराडा ठरलेला. मग उरलेली वाट पायी. याला लोक बग म्हणतात!

ड्रॅगनस्प्लेग या पॉनना होणाऱ्या रोगावरून सगळ्यात जास्त रडारड झाली. पॉन डोकं धरायला लागला, उलट बोलायला लागला, डोळे लाल दिसले की समजा लागण झाली. तसंच सराईत झोपलात तर सकाळी अख्खं गाव मेलेलं. उपाय साधा आहे: भाड्याचा पॉन असेल तर त्याला निरोप द्या, स्वतःचा असेल तर खोल पाण्यात ढकला आणि रिफ्टस्टोन या पॉन बोलवायच्या दगडावरून परत बोलवा. एप्रिल २०२४ च्या अपडेटनंतर लागण कमी होते आणि लक्षणंही ठळक दिसतात.

सेव्ह एकच आहे, ही तक्रार मात्र रास्त आहे. ऑटोसेव्ह आधीचं पुसून टाकतो. 'लास्ट इन' (शेवटच्या सराईत झोपलात तिथला सेव्ह) हाच काय तो मागं जायचा रस्ता, म्हणून मोठं काम हातात घेण्याआधी पैसे देऊन सराईत झोपा. आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस लावून उपयोग नाही, तो साधारण ३६० वॉट देतो आणि ग्राफिक्स कार्डवर लोड आला की आवाज करून बंद पडतो. किमान १००० व्हीए पाहा.

आणि फ्रेमचं. रानात ६० मिळाल्या तरी व्हर्नवर्थच्या बाजारात पार खाली येतात, कारण गेम प्रत्येक माणसाचा हिशोब प्रोसेसरवर टाकतो. रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम वाढत नसतील तर नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन पैसे घालवू नका, अडचण प्रोसेसरची आहे. रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड दाखवणारी सोय) बंद करा, मॅक्स फ्रेम रेट ३० वर बांधा. मे महिन्यात पारा ४२ वर असताना लॅपटॉपला तेवढंच झेपतं. नंतरच्या अपडेटनी सुधारणा झाली, पण शहरात अडखळतं ते अडखळतंच.

राक्षसांचे प्रकार थोडे आहेत, शेवटाकडं कथा घाईत उरकली आहे, आणि पहिल्या भागात सहा स्किल लावता यायचे तिथं आता चारच. यावर शिव्या घाला, साथ देऊ.

घ्यायचा असेल तर स्टीमचा परतावा २ तासांच्या आत खेळलं तरच मिळतो, आणि निम्मा वेळ चेहरा बनवण्यातच जातो. त्यासाठी कॅपकॉमनं वेगळा मोफत कॅरेक्टर क्रिएटर काढला आहे, चेहरा तिथं बनवून ठेवा. मग सुरुवातीच्या मेल्व्ह गावातलं काम उरकून बॉर्डरवॉच आउटपोस्ट या चौकीवरून थेट व्हर्नवर्थची बैलगाडी पकडा आणि बाजारात फेरी मारून फ्रेम बघा. तिथं चाललं तर सगळीकडं चालेल.