चंद्रा दुर्बिणीचा ‘मळका फिल्टर’ आणि बनावट आकड्यांचा आरोप

चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: कॅमेऱ्यासमोरच्या फिल्टरवर घाण साचली आहे, नासाने ते दडवलं, गरम करून ती घालवता आली असती पण घालवली नाही, आणि आता शास्त्रज्ञ आकडे ‘दुरुस्त’ करून हवे ते निष्कर्ष काढतात. यातलं पहिलं विधान खरं आहे. बाकीची तीन टिकत नाहीत. शेवटचं तर वर्षानुवर्षं चिकाटीने चाललेल्या मोजमापावर चिखल उडवणारं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी खरं काय ते. चंद्रा 23 जुलै 1999 ला कोलंबिया यानातून अवकाशात गेली. तिच्यावरच्या एसिस नावाच्या कॅमेऱ्यात दहा सीसीडी, म्हणजे क्ष-किरण टिपणाऱ्या चिप, आहेत. सीसीडीला साधा प्रकाशही दिसतो. तो अडवण्यासाठी पुढे पॉलिइमाइड या प्लास्टिकचा पडदा, म्हणजेच तो फिल्टर, लावला आहे, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला. सगळं मिळून जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा कमी. सीसीडी साधारण उणे 120 अंश सेल्सिअसवर ठेवतात आणि फिल्टर ज्यावर बसवला आहे ते आवरणही चांगलंच थंड असतं. दुर्बिणीच्या आतल्या भागांतून सुटणारी वाफ अशा थंड जागी गोठून बसते. कडा मध्यापेक्षा थंड, म्हणून तिथे थर जाड. 1 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं एकक) खालचे क्ष-किरण या थरात मोठ्या प्रमाणात अडतात. जास्त ऊर्जेचे जवळपास बिनधोक पार होतात.

हे दडवलं गेलं, या म्हणण्याला काहीच आधार नाही. 2002 ते 2004 च्या सुमारासच चंद्राच्या कॅलिब्रेशन गटाने, म्हणजे उपकरणाची मोजमापं पडताळणाऱ्या गटाने, या थराबद्दल उघडपणे लिहिलं. थराचं गणिती मॉडेल कॅलिब्रेशनच्या सार्वजनिक फायलींमध्ये असतं, ते वेळोवेळी सुधारलं जातं आणि कुणालाही उतरवून घेता येतं. 2005 मध्ये गेलेल्या जपानच्या सुझाकू उपग्रहाच्या फिल्टरवरही असाच थर बसला होता, त्याचीही जाहीर नोंद आहे.

‘गरम करून साफ का केलं नाही?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि तो त्या गटाने स्वतःच गंभीरपणे तपासला होता. उड्डाणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांमधले कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांवरून घसरत कॅमेऱ्यापर्यंत पोचले आणि काही सीसीडींना इजा झाली. त्यानंतर 1999 मध्येच कॅमेरा एकदा गरम केला गेला, तेव्हा ती इजा भरून येण्याऐवजी वाढली. म्हणजे पुन्हा तापवणं सीसीडींना महागात पडण्याची शक्यता होती. शिवाय निघालेली वाफ बाहेर जाईलच याची खात्री नव्हती, ती फिल्टरच्या मध्यावर येऊन बसली असती तर स्थिती आणखी बिघडली असती. आणि इतका पातळ पडदा तापण्या-निवण्यात फाटला, तर कॅमेराच संपला. या दुर्बिणीची कक्षा पृथ्वीपासून चंद्रापर्यंतच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत जाते, तिथे दुरुस्तीला माणूस पाठवता येत नाही. न तापवण्याचा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

आता मुख्य आरोप. ‘दुरुस्ती’ म्हणजे नेमकी कशाची? कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रत्येक फोटॉनची (क्ष-किरणाच्या एकेका कणाची) नोंद, म्हणजे वेळ, जागा आणि ऊर्जा, अभिलेखागारात जशीच्या तशी राहते. थर आहे म्हणून त्यात एकही फोटॉन घातला जात नाही. बदलतं ते दुर्बिणीचं परिणामकारक क्षेत्रफळ, म्हणजे अमुक ऊर्जेच्या शंभर फोटॉनांपैकी किती पकडले जातात याचा हिशेब. तागडीला पासंग आहे हे ठाऊक असलं आणि तो किती हेही मोजलेलं असलं, तर वजन बरोबरच सांगता येतं. हा हिशेब निरीक्षणाची तारीख, सीसीडीवरची जागा आणि ऊर्जा यांवरच ठरतो. तुमचा स्रोत कृष्णविवर आहे की दीर्घिकासमूह, आणि तुम्हाला काय सिद्ध करायचं आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

पण थर न पाहता मोजायचा कसा? कॅमेऱ्याजवळ लोह-55 चा किरणोत्सारी स्रोत आहे. किरणोत्सारी पट्ट्यांतून जाताना कॅमेरा सुरक्षिततेसाठी केंद्रबिंदूपासून बाजूला नेतात, तेव्हा हा स्रोत त्याच्यासमोर येतो. त्यातल्या लोहाचं मँगनीज होत असतं, म्हणून मँगनीजची 5.9 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा (ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण) दिसते, तशीच सुमारे 0.67 ची. पहिलीला थराचा अडथळा नाही, दुसरीला आहे. स्रोत मंदावला तरी दोघींचं मूळ गुणोत्तर तेच राहतं, त्यामुळे गुणोत्तर घसरलं की थर वाढला. लोह-55 चं अर्धायुष्य सुमारे 2.7 वर्षं. वीस वर्षांत तो शंभराव्या भागाच्याही खाली गेला, आणि मदार आकाशातल्या स्रोतांवर आली.

इथे हे काम खरोखर सुंदर होतं. मार्केरियन 421 सारख्या ब्लेझारचा, म्हणजे कृष्णविवराचा झोत आपल्याकडे रोखलेल्या दीर्घिकेचा, वर्णपट गुळगुळीत असतो. किरणांची ऊर्जेनुसार फोड करणारी जाळी लावून तो पसरवला की कार्बनच्या 0.284 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी पायरी दिसते, ऑक्सिजन आणि फ्लोरिनच्या ऊर्जांनाही खुणा दिसतात. फिल्टरच्या स्वतःच्या कार्बनचा वाटा जमिनीवरच्या मोजणीतून माहीत आहे. तो वजा केला की उरतं ते थराचं. त्यातून जाडीही कळते आणि थर कशाचा आहे तेही.

मग छोट्या मॅजेलनिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेतला 1ई 0102 हा सुपरनोव्हा-अवशेष, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा उरलेला ढग. त्याच्या ऑक्सिजन आणि निऑनच्या रेषा ठळक आहेत आणि तेज वर्षानुवर्षं जवळजवळ स्थिर. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन, जपानच्या सुझाकू आणि नासाच्या स्विफ्ट या दुर्बिणींनीही तोच अवशेष पाहिला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत बहुतेक मोजमापं सरासरीच्या 10 टक्क्यांच्या आत बसली. सगळी नाही, आणि जी बसली नाहीत तीही त्यात छापली आहेत.

दुरुस्तीने अडलेले फोटॉन परत येत नाहीत. मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांत एसिसची नजर फार मंदावली आहे, त्या पट्ट्यात अनिश्चितता वाढते आणि काही मंद स्रोतांचा नाद सोडावा लागतो. हे नुकसान खरं आहे आणि ते कुणी नाकारत नाही.

ज्यांना अजूनही शंका आहे त्यांनी 1ई 0102 ची 2003 ची आणि अलीकडची निरीक्षणं अभिलेखागारातून उतरवून घ्यावीत. थर धरलाच नाही तर ऑक्सिजनच्या रेषा गळत गेलेल्या दिसतील, निऑनच्या त्याहून कमी. थर धरून तीच गणना केली की दोन्ही वर्षांचे आकडे पुन्हा जवळ येतील.