पहिल्या वचनावर बसलेली माणसं

संडेस्कूलमध्ये आमच्याकडून बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राचा, तेरावा अध्याय पाठ करून घ्यायचे. सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा, कारण सत्ता देवाने नेमलेली आहे. पहिलं वचन धडाधड म्हटलं की बाई ‘शाब्बास’ म्हणायच्या आणि आम्ही खाली बसायचो. पुढचं कुणी विचारलंच नाही.

इतिहासातही बरेच जण त्या पहिल्या वचनावरच बसलेले दिसतात. १५२५ साली जर्मनीतले शेतकरी जमीनदारांविरुद्ध उठले, तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने हाच अध्याय त्यांच्या तोंडावर फेकला आणि सरदारांना सांगितलं, कापून काढा. चारच वर्षांपूर्वी वर्म्सच्या सभेत खुद्द सम्राटासमोर ‘माझा विवेक देववचनाला बांधलेला आहे’ म्हणून आपलं लिखाण मागे घ्यायला नकार देणारा हाच माणूस. असो.

मला खरी गंमत पाचव्या वचनात वाटते. पौल म्हणतो, नुसत्या शिक्षेच्या भीतीने नको, सदसद्विवेकबुद्धीसाठीही अधीन राहा. आणि लगेच पुढे, म्हणूनच तर तुम्ही करही देता! आजचा ‘जबाबदार नागरिक’ मला इथे भेटतो. रात्री बाराला, रिकाम्या चौकात, पोलीस नसताना लाल सिग्नलला थांबणारा. दंडुका सगळीकडे पुरत नाही. माणसाच्या आतच चौकी बसवली की सरकारचं काम स्वस्तात होतं.

पण विवेकाला एकदा कामाला लावलं की तो कायम सरकारी हुकमातच राहील, याची हमी कोण देणार?

फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंडचा शेतकरी. गावच्या चर्चची देखभालही तोच करायचा. घरी बायको, लहान मुली. मार्च १९४३ मध्ये तो लष्करात हजर झाला आणि म्हणाला, हिटलरसाठी शस्त्र उचलणार नाही. जखमींची सेवा सांगा, करतो. लिंट्सच्या बिशपांनी त्याला आधीच समजावलं होतं की युद्धाचा जाब सरकारला, तुला नाही. तू घरच्यांचं बघ. म्हणजे पुन्हा पहिलं वचन. ९ ऑगस्टला त्याचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये चर्चने लिंट्समध्येच त्याला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का, त्याची बायको, तिथे हजर होती.

त्या बिशपांवर मला रागावता येत नाही. लहान मुलींच्या बापाला मीही बहुधा तेच सांगितलं असतं.

आणि खुद्द पौल? त्याचं डोकं रोमच्या सरकारनेच उडवलं, असं परंपरा सांगते. बाईंनी तेही सांगितलं होतं, पण दुसऱ्या कुठल्या तरी रविवारी.