ॲकवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या पॅरलल पोर्टच्या केबलमधून कॉम्प्युटर प्रिंटरला एकेक बाईट कसा पाठवतो यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "एवढं साधं माहीत नसेल तर लोकांना शिकवायला बसता कशाला" हे वाक्य गाळलं असतंत तरी मुद्दा पोचला असता, पण तसं केलं तर लिहिल्याचं समाधान कुठून मिळणार. असो. प्रिंटरच्या बाजूला ३६ पिनांचा कनेक्टर असतो, २५ चा नाही, ही माझी चूक, लेखात सुधारलीय.

आता तुमचं ते ठाम विधान: "ॲक (ॲकनॉलेज, म्हणजे प्रिंटरची 'बाईट मिळाला' ही पोच) आल्याशिवाय कॉम्प्युटर पुढचा बाईट सोडतच नाही." कोणी सांगितलं हो? बाईट पिन २ ते ९ वर ठेवायचा, बिझी लाईन खाली (कमी व्होल्टेजवर, म्हणजे प्रिंटर मोकळा) आहे ना बघायचं, मग पिन १ ची स्ट्रोब ('बाईट तयार आहे, उचल' असं सांगणारी लाईन) क्षणभर खाली ओढायची, अर्धा मायक्रोसेकंद झाला तरी पुरे. प्रिंटर बाईट उचलतो, बिझी वर करतो, मोकळा झाला की बिझी खाली आणि ॲकची एक छोटीशी पल्स. डॉसच्या (विंडोजआधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) काळात बायॉस, म्हणजे मशीनमधला मूळ प्रोग्राम, नुसतं ११ नंबरच्या बिझीवर टक लावून बसायचं. ॲक इतकी छोटी की लूपमध्ये गरगरत असताना ती कधी येऊन गेली कळणारही नाही! तिचा खरा उपयोग इंटरप्ट (हातातलं काम थांबवून लक्ष द्यायला लावणारा इशारा) चालू केला तर, तेव्हा ती प्रोसेसरला हलवून उठवते. म्हणजे तुमचं तिथे बरोबर असेलही, पण "सोडतच नाही" हे काय?

आणि हे मी कुठून उचलून सांगत नाहीये. केबल सोलून १० नंबरची, म्हणजे ॲकची वायर स्वतः कापली होती, डॉसमधून छापलं, पानंच्या पानं निघाली. मग बिझीची कापली तर एक अक्षर उमटेना, प्रिंटर चालू, कागद भरलेला, आणि कॉम्प्युटर म्हणतोय तो बिझी आहे. मल्टिमीटर घेऊन रात्रभर बसलो होतो, चूक माझीच आहे हे विसरून. तुम्ही किती केबली सोलल्यात?

निबल मोड, ईपीपी, ईसीपी, १९९४ चं आयईईई १२८४ वगैरे याच पोर्टच्या इतर पद्धती आणि मानकांची यादी दिलीत, छान, पण लेख साध्या सेंट्रॉनिक्स पद्धतीवर, म्हणजे वर सांगितलेल्या स्ट्रोब-बिझीच्या जुन्या पद्धतीवर होता, शीर्षकातच आहे, वाचलं असतंत तर. बिझीचा बिट स्टेटस रजिस्टरात (कॉम्प्युटर पोर्टच्या लाईनींची स्थिती जिथून वाचतो तिथे) उलटा दिसतो हेही मला ठाऊक आहे, सगळंच एका लेखात कोंबायचं नसतं.

जुनं मशीन आणि वाया जायला हरकत नाही अशी केबल असेल तर १० नंबर कापून डॉसमधून छापून बघा आणि काय झालं ते इथेच लिहा. ११ ची मात्र कापू नका, नाहीतर परत मलाच बोलाल.