परिपत्रक लागल्यावर टीम जमवायची, हा प्रकार थांबवा

विद्यापीठाचं आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचं परिपत्रक जिमखान्याच्या बोर्डावर लागतं आणि मग कॉलेजात अकरा पोरांची शोधाशोध सुरू होते. चार कबड्डीवाले, दोन ॲथलेटिक्सचे, होस्टेलवर संध्याकाळी खेळणारी टोळी, आणि निव्वळ उंच आहे म्हणून गोलमध्ये उभा केलेला एखादा. आठ-दहा दिवस सराव, पहिल्याच सामन्यात चार गोल खाऊन संध्याकाळच्या गाडीने परत. वर ऐकवायचं की खान्देशात फुटबॉलची हवाच नाही! मला हे अजिबात पटत नाही. पोरं आहेत, अंगात रग आहे, भुसावळसारखं रेल्वेचं गाव हाताशी आहे. सीझन उशिरा सुरू होतो, दुखणं तिथे आहे. बाद पद्धतीत चुका सुधारायला दुसरा सामना मिळत नाही. त्या चुका आधीच करून घ्यायच्या तर जूनच्या शेवटापासून बारा आठवडे हाताशी हवेत.

सुरुवात मैदानापासून. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. भेगेत पाय गेला की घोटा गेला. अनेक ठिकाणी त्यात मुरूम ओततात. पुढे खडे वर येतात आणि पडणाऱ्याचे गुडघे सोलून निघतात. तीच माती चाळून भरा, पाणी सोडा, खाली बसली की पुन्हा भरा. रोलर मात्र वाफसा आल्यावरच फिरवा. ओल्यावर फिरवला तर माती रोलरलाच चिकटते आणि मैदानाचे पोपडे निघतात, पार वाळल्यावर फिरवला तर नुसता आवाज होतो. शेतकऱ्याच्या घरातली पोरं टीममध्ये असतातच, मातीची मूठ वळून वाफसा ओळखायला त्यांना सांगा. मैदानाच्या मध्यापासून कडेपर्यंत साधारण एक टक्का उतार ठेवा, म्हणजे ६४ मीटर रुंदीला मध्यभाग कडेपेक्षा फूटभर उंच येतो. कडेला चर खणा. एवढं केलं तर पावसाची उघडीप मिळताच सराव लवकर सुरू करता येतो.

आखणी दोरीने करा. १०० बाय ६४ मीटरचं मैदान असेल तर दोन्ही कर्ण ११८.७ मीटर भरले पाहिजेत. नाही भरले तर कोपरे काटकोनात नाहीत. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ उंच. पेनल्टी बॉक्स प्रत्येक खांबाच्या आतल्या कडेपासून १६.५ मीटर, म्हणजे एकूण रुंदी ४०.३२. बॉक्सच्या पुढची कमान हमखास चुकते, कारण ती बॉक्सच्या रेषेवरून मोजली जाते. ती पेनल्टीच्या ठिपक्यापासून ९.१५ मीटरवर असते, आणि ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर. रेषा मारायच्या फक्कीसाठी कळीचा चुना आणू नका. ओल्या मैदानावर त्याने कातडी भाजते, डोळ्यात गेला तर फारच वाईट. मार्बल पावडर घ्या.

आता दमाचं. आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं प्रत्येक कॉलेजात आहेत. “भो, सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत काढतो,” असं ऐकलं की क्रीडाशिक्षक खूश होतात आणि त्याला थेट विंगवर, म्हणजे कडेने धावायच्या जागेवर, टाकतात. सोळाशे मीटर हे एका लयीतलं पळणं आहे. फुटबॉलमध्ये वीस-तीस मीटर सुटायचं, थांबायचं, वळायचं, परत सुटायचं. भरतीच्या पोराची छाती तयार असते, पण मांडीचा मागचा स्नायू आणि जांघ तयार नसते, म्हणून तो पंचविसाव्या मिनिटाला मांडी धरून बसतो. त्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावू नका. ३० मीटरच्या सहा धावा, दोन धावांमध्ये वीस-पंचवीस सेकंद, असे तीन संच, मध्ये तीन-तीन मिनिटं विश्रांती. आठवड्यातून दोनदा पुरे. पहिल्या पंधरवड्यात पाऊण वेगाने, नंतर पूर्ण वेगाने. धावेच्या शेवटी खुणेचा शंकू ठेवून त्याला वळसा घालायला लावा, ही गोष्ट भरतीच्या सरावात येत नाही. आणि सरावाआधी फिफाचा ‘११ प्लस’ हा वॉर्मअप घ्या. वीस मिनिटांचा आहे: आठ मिनिटं पळण्याचे प्रकार, दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी दोन मिनिटं वेगात पळणं. खुणेचे शंकू आणि चेंडू सोडले तर साहित्य काही लागत नाही. आठवड्यातून निदान दोनदा नेमाने केला तरच दुखापती कमी होतात. आळस त्यातल्या मधल्या दहा मिनिटांचाच होतो, आणि खरी किंमत त्याच दहा मिनिटांची आहे.

चेंडूवर खर्च करा, ट्रॅकसूटवर नंतर. बावीस पोरांत दोन चेंडू म्हणजे वीस जण उभे. पाच नंबरचे दहा चेंडू घ्या. वजन ४१० ते ४५० ग्रॅम, हवेचा दाब नऊ-दहा पीएसआय. पंपाची सुई ओली करून घाला, कोरडी घातली तर व्हॉल्व्ह फाटतो आणि दोष चेंडूला लागतो. दुपारच्या उन्हात ठेवलेल्या चेंडूतल्या हवेचा दाब वाढतो, तेव्हा सामन्याआधी पुन्हा मोजा.

बुटांचं गणित ऋतूनुसार बदलतं. ऑगस्टच्या काळ्या चिखलात स्टड, म्हणजे तळाचे खुंट, भरून बूट जड होतात, म्हणून कडेला एक बोथट काडी ठेवा. ऑक्टोबरात तीच माती दगडासारखी होते आणि लांब स्टडवर टाचा दुखायला लागतात. तेव्हा छोट्या रबरी स्टडचे बूट बरे. दोन जोड परवडत नसतील तर छोट्या स्टडचेच घ्या, चिखलात थोडं घसरलेलं चालेल.

खाण्याबद्दल थोडक्यात. सामन्याच्या सकाळी तर्रीची शेवभाजी नको, भरीत-पुरी जिंकल्यावर. तीन तास आधी वरणभात किंवा दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी-वरण, तासभर आधी केळं. जळगावात केळ्याला काय तोटा! ऑक्टोबरात एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून कॅन भरून ठेवा. तहान लागायची वाट पाहायची नाही.

कागदपत्रांवरून टीम मार खाते ती वेगळीच. दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे जुलैतच तपासा. प्राचार्यांची सही-शिक्का शेवटच्या दिवशी घ्यायला गेलात तर ते नेमके मीटिंगला गेलेले असतात. टीममध्ये सातापेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना सुरूच होत नाही, तेव्हा अकराच्या भरवशावर जाऊ नका, निदान सोळा फॉर्म भरा. नडगीला लावायचे शिनगार्ड सगळ्यांना हवेत. हातातलं कडं, कानातली बाळी घरी ठेवा. नियमानुसार त्यावर चिकटपट्टी लावूनही चालत नाही.

बारा आठवड्यांत निदान आठ मैत्रीपूर्ण सामने हवेत, आणि ते पूर्ण ९० मिनिटांचे. अर्ध्या तासाच्या सामन्यात सत्तराव्या मिनिटाला कोण चालायला लागतो ते दिसत नाही. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव एका रांगेत आहेत. सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं, भाडंही फार नाही. चारपैकी दोन कॉलेजांनी मनावर घेतलं तरी काम होतं.

शेवटचं पेनल्टीचं. बाद सामन्यात बरोबरी झाली की पाळी येणारच, तरी त्याचा सराव कोणी करत नाही. सराव संपताना, पाय जड झालेले असताना मारायला लावा. सामना संपताना मैदानात असलेल्यांनाच किक मारता येते. म्हणजे ८५ व्या मिनिटाला सगळ्यात भरवशाच्या पोराला बदलायचं असेल तर आधी हा विचार करा. गोलकीपरचा निदान एका पायाचा काही भाग किक बसेपर्यंत रेषेवर किंवा तिच्या मागे लागतो. पुढे झेपावून अडवलेली पेनल्टी पुन्हा मारायला देतात. मारणाऱ्यांचा क्रम आदल्या रात्री कागदावर लिहा आणि सहावा, सातवा कोण तेही लिहा. तिथे जाऊन “तू मार, तू मार” नको.