नावामागे घर असतं
त्स्वाना लोकांच्या सेत्स्वाना भाषेतल्या नाटकांत पात्राचं नाव म्हणजे त्याच्या स्वभावाची खूण, असं या नाटकांवरच्या तुमच्या लेखात म्हटलं आहे, ते मला अपुरं वाटतं. बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना घरांत नाव पुष्कळदा जन्मावेळची परिस्थिती सांगतं. डिकेलेडी म्हणजे अश्रू. मोत्लालेपुला म्हणजे पाऊस घेऊन आलेला, आणि त्या कोरड्या मुलखात पावसाला 'पुला' म्हणतात, बोत्स्वानाच्या चलनालाही तेच नाव आहे. त्यामुळे डिकेलेडी रंगमंचावर आली की तिने तोंड उघडण्याआधीच त्या घरातलं दुःख प्रेक्षकाला कळतं. नाटककाराचं अर्धं काम तिथेच झालं! पुढे ती खळखळून हसणारी निघाली तर तो विरोध आणखी बोचतो. कागिसो म्हणजे शांतता. या नावाचा माणूस भावकीत भांडणं लावू लागला तरी तेच.

लेखात सुटलेली मोठी गोष्ट म्हणजे आईबापांना मुलाच्या नावाने हाक मारण्याची रीत: म्फोची आई ती म्मा-म्फो, वडील रा-म्फो. मूल नसलेल्या बाईला ही हाक सहसा कुणी मारत नाही. संवादात एकही वाक्य न घालता तिची सल ऐकू येते. यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा. ऐतिहासिक नाटकं मात्र वेगळी धरा, तिथे राजांची नावं लेखकाच्या हातात नसतात.